मंजुळाबाईसाहेबांची दोन दिवसांची शहरस्वारी

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. पाणी देणाऱ्या तळ्यास, धान्य देणाऱ्या भूमीस आणि ऐकणाऱ्याच्या धीरास नमन करून हकीकत लिहिली जाते ऐसी जे, शके सोळाशे ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीयेचे दिवशी सकाळचे प्रहरी एका राज्याच्या स्वामिनी मंजुळाबाईसाहेब यांस एक पत्र आले. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. राज्य लहान होते आणि दप्तर मोठे होते. पत्र आठ कोसांवरील तळ्याच्या शहरातून आले होते आणि पाठविणारी द्वारकाबाई होती. ही बाईसाहेबांची लहानपणची सोबतीण; दोघींनी एकाच झाडाच्या कच्च्या चिंचा खाल्ल्या आणि एकाच दिवशी अंथरूण धरले, इतका स्नेह. पुढे मंजुळाबाई गादीवर बसल्या आणि द्वारकाबाई शहरी जाऊन राहिल्या, आणि तेथे तळ्याकाठी जव भिजवावे, त्यांस मोड आणावे, मग शिजवून, किराइताचा कडवटपणा देऊन, रांजणात आंबवून फेसाळ पेय करावे, ऐसा कारखाना त्यांनी घातला. ही विद्या त्या एका टोपीकर गोलंदाजाकडून शिकल्या, आणि तो त्या पेयास बियर म्हणत असे म्हणोन सगळे शहर बियर म्हणू लागले. पत्रात लिहिले होते की, "मंजुळे, डोळ्यांनी कमी दिसते. पौर्णिमेस कारखाना बंद करून लेकीकडे समुद्रकाठी जाते, ती कायमचीच. करकोचे तळ्यावर उतरले आहेत. शेवटचा रांजण उघडायचा आहे. यायचे तर ये."

हे वाचून बाईसाहेब पुष्कळ वेळ खिडकीशी बसल्या. कारण ऐसे की, सव्वीस वर्षांमागे, गादीवर बसून महिनाही जाहला नव्हता तेव्हा, द्वारकाबाई भेटीस आल्या होत्या, आणि दरबारच्या रिवाजाने भेटीची आधी तालीम होणे जरूर म्हणोन त्यांस अकरा दिवस देवडीवर बसवून ठेविले, आणि बाईसाहेबांस हे ठाऊक होते, आणि नव्या गादीच्या धाकाने त्या काही बोलल्या नाहीत, आणि मग द्वारकाबाई उठून निघून गेल्या. ती गोष्ट बाईसाहेबांच्या मनात वहाणेतल्या खड्यासारखी राहिली होती. एकदा समोर बसून त्याबद्दल चुकले म्हणावे, एवढेच त्यांस हवे होते, आणि त्यास आता तेरा दिवस उरले होते.

मग दरबार भरविला आणि बाईसाहेब बोलल्या, "दोन दिवस शहरी जाऊन यावे म्हणते. तिथले चार घास खावे, बियर चाखावी, तळे पाहावे, द्वारकाबाईंच्या ओसरीवर बसावे आणि परत यावे." हे ऐकताच दिवाण बहिरोपंत यांच्या मुखावर तेज आले, कारण चौदा वर्षे त्या राज्यावर कोणी चालून आले नव्हते आणि राज्यही कोणावर चालून गेले नव्हते, आणि दिवाणांची योजनाशक्ती पेटीत घातलेल्या रेशमासारखी विटत चालली होती. त्यांनी तत्काळ हुकूम काढिले की, जे जे पूर्वी शहरी जाऊन आले त्यांचे अभिप्राय लेखी मागवावे आणि प्रत्येक अभिप्रायास पाचांपैकी किती तारे ते लिहावे. तीन दिवसांत पेटारा भरला. एकाने लिहिले, "तळे चांगले, परंतु ओले. तीन तारे." दुसऱ्याने लिहिले, "डोंगर उंच आहे. वर गेल्यावर पुन्हा खाली यावे लागते, हे आधी कोणी सांगत नाही. एक तारा." तिसऱ्याने लिहिले, "बियर कडू. तिसऱ्या पेल्यास कडू लागली नाही. पुढील स्मरण नाही. पाच तारे." आणि एका वृद्ध कारकुनाने चार पाने लिहून शेवटी कळविले की आपण शहरी कधी गेलो नाही, परंतु आपला मेहुणा गेला होता आणि त्यास आवडले नाही.

मग मुदपाकखान्याने कळविले की शहरातील तळलेली मरळ, कमळाच्या देठांची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा हे सतरा ठिकाणी मिळतात, आणि सतराही चाखल्यावाचून कोणते बरे हे सांगता येत नाही, म्हणोन सतराही यादीत घालावे. सरलष्कर सुभानराव यांनी सांगितले की शहरात बियरची पाच ठिकाणे आहेत आणि एक सोडून दुसरे घेणे हे लष्करी दृष्टीने पाठीमागे शत्रू ठेवणे होय, म्हणोन पाचही घ्यावी आणि डोंगरावर निशाण लावावे. वैद्यराजांनी प्रत्येक पेल्यामागे दोन घटिका डावे कुशीवर निजणे आणि रोज पहाटे दंवावर अनवाणी चालणे नेमून दिले. ऐशी कलमे एक्केचाळीस जाहली. तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, यात ती ओसरी कुठे आहे?" दिवाणांनी यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली आणि क्षमा मागून बेचाळिसावे कलम लिहिले: ओसरीवर बसणे, अर्धी घटिका, ओसरीची मजबुती आगाऊ तपासून, घरधनिणीस बसण्या-उठण्याची तालीम आठ दिवस आधी देऊन. बाईसाहेबांनी ते वाचले आणि त्यांस देवडीवर बसलेली द्वारका पुन्हा दिसली.

त्या राज्यात घटिकाशाळेवर आवडाबाई म्हणोन एक बाई होत्या. पाण्यात भोकाचे तांब्याचे पात्र सोडावे, ते भरून बुडाले म्हणजे एक घटिका मोजावी, हे त्यांचे काम. बोलणे थोडे आणि बेरीज बिनचूक. त्यांस यादी दाखविली तेव्हा त्यांनी एकवार पाहून सांगितले, "दोन दिवसांच्या घटिका एकशेवीस. यादीच्या तीनशे अकरा. झोप धरली नाही." मग दिवाण म्हणाले, "पात्राचे भोक मोठे केले तर?" आवडाबाई म्हणाल्या, "पात्र लवकर बुडेल." दिवाण म्हणाले, "म्हणजे एका दिवसात घटिका अधिक होतील." आवडाबाई म्हणाल्या, "होतील." दिवाणांनी सभेकडे विजयी मुद्रेने पाहिले. आवडाबाई म्हणाल्या, "भोक मोठे केल्याने सूर्य थांबत नाही, पंत. मासाही लवकर तळून होत नाही." यावर दोन प्रहर खल जाहला, आणि सुभानरावांनी सूर्याबद्दल कडक शब्द वापरले, आणि अखेरीस ठरले की प्रश्न अवघड आहे म्हणोन तालमीतच काय ते पाहावे.

आता या तालमीचा रिवाज सांगितला पाहिजे. बाईसाहेबांच्या पणज्यांच्या कारकीर्दीत राज्याची फौज एका मोहिमेस निघाली, आणि धुक्यात वाट चुकून फेरा घेऊन आपल्याच राजवाड्याच्या मागल्या दरवाजाशी आली, आणि शत्रूचा किल्ला समजून तिने वेढा घातला, आणि आतल्यांनीही तो दरवाजा नऊ दिवस शर्थीने लढविला, आणि मग ओळख पटल्यावर दोन्ही बाजूंस मानाची वस्त्रे देण्यात आली. तेव्हापासून कायदा जाहला की, स्वारी लहान असो वा मोठी, आधी ती राजवाड्याच्या चौकात अथपासून इतिपर्यंत करून पाहावी आणि मगच बाहेर पडावे. तालमीत स्वामींच्या देहास शीण नको म्हणोन त्यांचे जोडे पालखीत ठेवीत, आणि तालीम चाले तोवर जोडे तेच स्वामी. जोड्यांस मुजरा करावा, जोड्यांपुढे अर्ज करावा, आणि जोडे काही बोलले नाहीत तर अर्ज मंजूर समजावा. यामुळे तालमीच्या दिवसांत कारभार फार वेगाने चाले.

षष्ठीस तालीम सुरू जाहली. घोड्यांचा हौद तो तळे, कडब्याची गंजी तो डोंगर, आणि राज्यात बियर मिळत नसे म्हणोन ताक ती बियर. करकोच्यांसाठी कारकून नेमिले. ते धोतर खोचून हौदात एका पायावर उभे राहिले, आणि ज्याचा पाय टेकला त्याचे नाव टिपून घेतले. सुभानरावांनी गंजीवर निशाण लावले आणि गंजी खचून ते अर्धे आत गेले. सतरांपैकी चार ठिकाणचे मासे खाईतो आणि दोन ठिकाणचे ताक पिईतो पहिला दिवस मावळला, आणि वैद्यराजांच्या नेमाप्रमाणे अवघा दरबार चौकात डावे कुशीवर निजला.

बाईसाहेब हे सज्जातून पाहत होत्या. त्यांनी दासीस हाक मारून पाणी मागितले, तो दासी त्यांच्या अंगावरून पलीकडे पाहत म्हणाली, "बाईसाहेब स्वारीवर आहेत," आणि पाण्याचा तांब्या घेऊन खाली जोड्यांपुढे ठेवून आली. बाईसाहेबांनी आपले आपण पाणी घेतले, आणि पिता पिता त्यांच्या ध्यानी आले की सव्वीस वर्षांत आज प्रथमच आपणाकडे कोणी पाहत नाही. मग त्या जिना उतरून थेट घटिकाशाळेत गेल्या. आवडाबाईंनी मान वर करून सरळ त्यांच्याकडे पाहिले आणि मुजरा केला. बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्हाला मी दिसते?" आवडाबाई म्हणाल्या, "समोर उभ्या आहात, तेव्हा दिसताच." बाईसाहेबांनी विचारिले, "ही तालीम कधी संपेल?" आवडाबाई म्हणाल्या, "आजच्या गतीने कृष्ण प्रतिपदेच्या दुपारी." बाईसाहेब म्हणाल्या, "ती पौर्णिमेस जाते." आवडाबाईंनी मदतनिसाच्या हाती पात्र दिले, फडताळातून आपल्या जुन्या वहाणा काढल्या आणि बाईसाहेबांच्या पायांशी ठेविल्या, कारण बाईसाहेबांचे जोडे पालखीत होते. वहाणा दोन बोटे मोठ्या झाल्या.

सप्तमीस पहाटे दोघी निघाल्या. देवडीवरच्या नाइकाने पाहिले आणि तो गडबडला, कारण बाईसाहेब चौकात पालखीत आहेत हे तो जाणत होता, तेव्हा या बाईसाहेब नव्हेत हे उघड होते. तो म्हणाला, "आवडाबाई, या कोण तुमच्या?" आवडाबाई म्हणाल्या, "माझ्या वहाणा घालतात." नाइकाने यावर बराच विचार केला आणि दरवाजा उघडिला. पुढे वेशीवर म्हादबाचा छकडा मिळाला आणि आठ कोसांची वाट सुरू जाहली. तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "आवडाबाई, तुम्ही द्वारका व्हा." आवडाबाई म्हणाल्या, "बरे." मग बाईसाहेबांनी त्यांच्याकडे तोंड करून म्हटले, "द्वारके, अकरा दिवस तुला ताटकळत ठेवले, ते माझे चुकले, मनात राग ठेवू नकोस." आवडाबाई म्हणाल्या, "ठेवत नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "इतक्या लवकर नको. ती इतक्या लवकर ऐकायची नाही." मग पुन्हा केले. ऐसे आठ कोसांत चौदा वेळा केले, आणि दहाव्या वेळेस म्हादबा मागे न पाहताच म्हणाला, "आवो बाई, करा की माफ यांना. लई कळवळून सांगत्यात."

दुपारी शहर आले. द्वारकाबाईंचे घर तळ्यास लागून होते, ओसरीची एक बाजू पाण्यात उतरलेली, आणि पलीकडच्या काठावर राखी करकोचे इतके होते की जमीनच हलते आहे ऐसे भासावे. द्वारकाबाई मासे तळीत होत्या. पावलांचा आवाज ऐकून म्हणाल्या, "कोण ते? फटक फटक चालतंय. वहाणा मागून आणल्यात की काय?" बाईसाहेब म्हणाल्या, "मी मंजुळा." द्वारकाबाईंनी झारा ठेविला, जवळ आल्या, आणि तोंडाशी तोंड नेऊन पाहिले. म्हणाल्या, "म्हातारी झालीस गं." बाईसाहेब म्हणाल्या, "तू काय तरणी राहिलीस?" द्वारकाबाई म्हणाल्या, "मला कमी दिसतं. म्हणून मला बाकी सगळे तरणे दिसतात. तुला जवळून बघितलं ही चूक झाली. बस. फौज कुठाय तुझी?" बाईसाहेब म्हणाल्या, "फौज ताक पिऊन निजली आहे." द्वारकाबाई म्हणाल्या, "आणि या कोण?" आवडाबाई म्हणाल्या, "मी सकाळपासून द्वारकाबाई होते. आता नाही." आणि त्या पाण्याच्या कडेस जाऊन करकोचे मोजू लागल्या.

मग रांजण उघडिला, पेले भरिले, तव्यावरची मरळ केळीच्या पानावर आली, कमळाच्या देठांची भाजी आली, आणि ओसरीच्या कडेस दोघी पाय सोडून बसल्या. बियर कडू होती आणि गार होती, आणि बाईसाहेबांच्या नाकास फेस लागला तो त्यांनी पुसला नाही, कारण त्या बोलण्याची तयारी करीत होत्या. मग पेला खाली ठेवून, आठ कोस घोकले होते तैसेच, एकही शब्द न गाळता त्या म्हणाल्या, "द्वारके, अकरा दिवस तुला ताटकळत ठेवले, ते माझे चुकले, मनात राग ठेवू नकोस."

द्वारकाबाई माशाचा काटा काढीत होत्या. म्हणाल्या, "बारा."

बाईसाहेब म्हणाल्या, "काय?"

द्वारकाबाई म्हणाल्या, "बारा दिवस. अकराव्या दिवशी तुझ्या लोकांनी सांगितलं, तालीम काही उरकत नाही, आता जा. मी बारावा दिवस आपली आपणच बसले. म्हटलं, येईल मंजुळा."

आता चौदा वेळा केलेल्या तालमीत बाराव्या दिवसाला जागा नव्हती. बाईसाहेबांनी जे बोलायचे ठरविले होते ते बोलून संपले होते, आणि पुढचे काही पाठ नव्हते. त्या म्हणाल्या, "मी सज्जातून बघत होते. बाराही दिवस. दप्तरी अकरा लिहिले, म्हणून मीही अकराच म्हणत आले."

"मग हाक मारायचीस."

"घशातून निघाली नाही गं."

"आता मार."

"आता कशाला? तू इथे बसली आहेस."

"मार तरी. एवढी बसले होते त्या हाकेसाठी. बघू कशी वाटते."

बाईसाहेबांनी हलकेच म्हटले, "द्वारके." द्वारकाबाई म्हणाल्या, "ही देवडीपर्यंत आली नसती." तेव्हा मंजुळाबाईसाहेब ओसरीवर उभ्या राहिल्या, आणि पदर सावरला, आणि सव्वीस वर्षांत ज्यांनी दासीसही मोठ्याने हाक मारिली नव्हती त्यांनी छातीभर श्वास घेऊन ती हाक अशी मारिली की शेजारच्या घाटावरच्या धुणेकरणींनी माना वळविल्या, आणि पलीकडच्या काठावरचे करकोचे एकदम उठले, आणि तळ्यावरून ते अवघे राखी थवे ओरडत फिरू लागले. द्वारकाबाईंनी वर पाहिले. त्यांस पक्षी दिसत नव्हते, केवळ उजेडात काही हलते आहे ऐसे दिसत होते आणि पंखांचा आवाज येत होता. त्यांचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, "ओ." आणि मग म्हणाल्या, "खाली बस, मासा निवतोय." आवडाबाई पाण्याच्या कडेवरून म्हणाल्या, "तीनशे बारापर्यंत आले होते. आता पुन्हा मोजावे लागतील."

दोन दिवसांची स्वारी ती पौर्णिमेपर्यंत चालली. सतरा ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी कोणी गेले नाही. डोंगर ओसरीवरून दिसत होता, तेवढा पुरला. दोघी सकाळी मोड आलेले उरलेले जव पाखरांस टाकीत आणि दुपारी कोणाकोणाची नालस्ती करीत आणि संध्याकाळी रांजणाची पातळी काठीने पाहत, आणि बाईसाहेबांनी आठ दिवसांत तीन वेळा आपल्या हातांनी भांडी घासली, त्यांतील एक फोडिले. पौर्णिमेस समुद्राकडे जाणारी गाडी आली तेव्हा द्वारकाबाईंचे बोचके बाईसाहेबांनी स्वतः उचलून गाडीत ठेविले. द्वारकाबाई म्हणाल्या, "सांभाळून, आत मडकं आहे. तुझा हात मला ठाऊक झालाय." मग त्या गाडीत बसल्या आणि ज्या बाजूस मंजुळा उभी आहे ऐसे त्यांस वाटले त्या बाजूस पाहत राहिल्या; ती बाजू थोडी चुकली होती, म्हणोन बाईसाहेब दोन पावले सरकून त्या बाजूस जाऊन उभ्या राहिल्या, आणि गाडी वळेतो तेथेच उभ्या होत्या.

प्रतिपदेस दुपारी बाईसाहेब राजवाड्यात आल्या तो चौकात बेचाळिसावे कलम चालू होते. एका पाटावर जोडे अर्धी घटिका बसविले होते आणि समोर एक कारकून घरधनीण होऊन उठत-बसत होता. मग पालखी सज्जाखाली आणून स्वारी परत आल्याचे नगारे वाजले, आणि जोडे बाईसाहेबांस देण्यात आले, आणि त्या पुन्हा सर्वांस दिसू लागल्या. बहिरोपंत वाळले होते आणि सुभानरावांच्या पगडीत कडबा होता. दिवाण हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, स्वारी यथासांग पार पडली. परंतु सरकारांच्या जिवास ती झेपणारी नाही. दरबाराचे एकमत आहे की प्रत्यक्ष जाऊ नये." बाईसाहेब म्हणाल्या, "दरबार म्हणतो तर नाही जात." दिवाणांस गहिवर आला. ते म्हणाले, "आम्ही इकडे तळे, डोंगर करीत होतो, आणि सरकारांस वाड्यात एकटे बसून फार कंटाळवाणे झाले असेल." बाईसाहेब म्हणाल्या, "झाले थोडे," आणि जोडे हातात घेऊन अनवाणीच आत गेल्या.

येणेप्रमाणे शहरस्वारीचे वर्तमान जाहले. कलमे बेचाळीस, ती सर्व जोड्यांनी पाहिली आणि दप्तरी दाखल आहेत. बाईसाहेबांनी जे पाहिले ते दप्तरी नाही, म्हणोन येथे लिहिले. अधिक उणे असेल ते ऐकणाऱ्याने आपल्या पदरचे घालून पुरे करावे. मर्यादेयं.